बसलेला हात जाईल का?

"मॅडम, साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एमएस, वर सुपर-स्पेशालिटीची तीन. आता कुठे चार पैसे मिळवायची वेळ आली, तर ही उंदरांवर प्रयोग करायला निघाली!"

सांगलीकडचे हे निवृत्त शिक्षक खुर्चीत नीट टेकायच्या आतच बोलून मोकळे झाले. शेजारी त्यांची लेक मृण्मयी (नाव बदललं आहे), यकृत प्रत्यारोपणाच्या टीममधली तरुण सर्जन. तिची काळजी वेगळी होती. संशोधनासाठी दोन वर्षं ऑपरेशनपासून लांब राहिले तर बसलेला हात जाईल, बॅचचे सगळे पुढे निघून जातील.

मी समुपदेशक. संशोधनाकडे वळू पाहणारे सर्जन हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्याच्या आड बहुतेकदा आणखी काही तरी असतं. काकांना बाहेर चहा प्यायला बसवलं आणि तिला विचारलं, "हे डोक्यात आलं कधी?"

तिने पर्समधून एक छोटी वही काढली. एका पानावर दोन पेशंटच्या नोंदी होत्या. दोघांनाही नातेवाइकाच्या यकृताचा भाग बसवलेला, दोन्ही ग्राफ्टचं (बसवलेल्या भागाचं) वजन पेशंटच्या वजनाच्या ०.८ टक्क्यांच्या जेमतेम खाली. एक जण चालत घरी गेला. दुसऱ्याची कावीळ उतरेना, पोटात पाणी साठत राहिलं आणि तो गेला. आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येणारा रक्ताचा लोंढा लहान ग्राफ्टला झेपत नाही, हे सर्जनना ठाऊक आहे. पण कोणाला झेपेल, कोणाला नाही, हे आधी ओळखायचं कसं? दात्याकडून जास्त भाग घ्यावा तर धोका त्याला. आपल्याकडे बहुतेक यकृतं जिवंत दात्यांकडूनच मिळतात, त्यामुळे हा प्रश्न इथल्या सर्जनला टाळता येत नाही.

"तो पेशंट वाचला असता, तर ही वही असती का?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "तेव्हापासून ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप लागत नाही."

म्हणजे दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या, प्रश्नाची ओढ आणि ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, धास्ती. धास्तीपायी लॅबमध्ये जाणाऱ्याला मी सरळ थांब म्हणते. दोन वर्षांनी धास्ती तिथेच असते, वर सराव तुटलेला. खरी ओढ ओळखायला मी एकच विचारते: प्रयोगाचं उत्तर 'नाही' असं आलं, तरी वर्षं फुकट गेली असं वाटणार नाही ना? (नुसती पेपरांची संख्या वाढवायला केलेलं संशोधन मी यात धरतच नाही. त्याला समुपदेशक कशाला, स्टेपलर पुरतो.) मृण्मयीने लगेच उत्तर दिलं, "नाही आलं तर निदान एक रस्ता बंद झाला हे कळेल."

मग तिला अमेरिकन सर्जन थॉमस स्टार्झलबद्दल विचारलं. नाव माहीत होतं, मधली वर्षं माहीत नव्हती. १९६३च्या मार्चमध्ये डेन्व्हरला त्याने माणसावर यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. पित्तनलिका बंद असलेलं तीन वर्षांचं मूल रक्तस्रावाने टेबलावरच गेलं. पुढचे पेशंटही काही आठवड्यांपलीकडे जगले नाहीत, आणि यकृताचा कार्यक्रम थांबवावा लागला. ती वर्षं तो प्रयोगशाळेत राबला, पण मूत्रपिंडाची प्रत्यारोपणं चालूच ठेवली. हात गेला नाही तो त्यामुळे. १९६७ मध्ये ऑपरेशन केलेली मुलगी वर्षाहून जास्त जगली. आणि एवढा मोठा सर्जन आत्मचरित्रात लिहितो की, ऑपरेशनआधी त्याला धास्ती वाटायची.

हे ऐकून मृण्मयी पहिल्यांदा हसली. पण धास्तीवर संशोधन हे औषध नव्हे, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. त्यासाठी वेगळ्या भेटी ठरवल्या, आणि युनिटमधल्या वरिष्ठांशी त्या मृत्यूबद्दल एकदा मोकळेपणाने बोलायचं हेही ठरलं.

काकांना आत बोलावलं. त्यांना इतिहासापेक्षा गोळीची गोष्ट पटली. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून मुलीचे पेशंट रोज घेतात ते टॅक्रोलिमस जपानच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळालं आणि १९८९ मध्ये याच स्टार्झलने पिट्सबर्गला ते पेशंटना पहिल्यांदा दिलं. त्याआधी उंदरांवर प्रयोग झालेच होते. १९९८ मध्ये दिल्लीत भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं, तेही पित्तनलिका बंद असलेल्या बाळावर. वडिलांनी यकृताचा तुकडा दिला. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला.

"वडिलांनी दिला?" काकांनी तेवढंच विचारलं.

शेवटी दोन वर्षं पूर्ण लॅब हा बेत मृण्मयीनेच बदलला. आठवड्यातले दोन दिवस ओटी, बाकी संशोधन, आणि हे गाइडकडून आधीच लेखी घ्यायचं. गाइड तयार होतील का, हे अजून कळायचं आहे. काकांनी जाता जाता स्टायपेंड किती ते विचारलं. आकडा ऐकून त्यांचा चेहरा पडला, पण उंदरांचं नाव काही पुन्हा काढलं नाही.