वय 42, नोकरी सोडून फिजिओथेरपी शिकायला घेतली तर जमेल का?

तुम्ही लिहिलंय की 18 वर्षं अकाउंट्समध्ये गेली, आता फिजिओथेरपी शिकायचीय, पण या वयात डोक्यात काही शिरेल का आणि कोर्स संपेपर्यंत 47 वय होईल याची धास्ती वाटते. मी 41व्या वर्षी हेच केलं, मीही अकाउंट्समधूनच आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

47 तर तसेही होणारच आहात, असं तुम्हाला दहा जण सांगतील. मलाही सांगितलं होतं. पण रात्री दोन वाजता जाग आली की त्या वाक्याचा काडीचा उपयोग होत नाही, कारण तेव्हा मनात वय नसतंच, उद्या अभ्यासाला तास कुठून आणायचे हे असतं. माझ्या अनुभवात सगळं तासांवर येऊन थांबतं. वयाची भीती मला पहिल्या वर्षी वाटली, पुढे ती आठवलीच नाही.

डोक्याचं आधी बोलू. पहिल्या अ‍ॅनाटॉमी (शरीररचनेच्या) टेस्टमध्ये मी नापास झाले. घरी येऊन रडले आणि ठरवून टाकलं की मेंदू म्हातारा झाला. पण झालं काय होतं की मी कॉलेजात असताना करायचे तसाच अभ्यास करत होते, म्हणजे वाचायचं, हायलायटरने रंगवायचं, परत वाचायचं, आणि पान ओळखीचं वाटलं की पाठ झालं असं समजायचं. मग एका मॅडमनी मला बाजूला बसवून रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2006चा प्रयोग सांगितला. एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. मी त्या पहिल्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवून बसले होते! आणि ते प्रयोगातले कॉलेजचे तरुण विद्यार्थी होते, म्हणजे हे विसरणं चाळिशीचं नाहीच, सगळ्यांचंच आहे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तर 1885मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसातच निसटतं.

त्यानंतर मी पुस्तक मिटून कोरा कागद घ्यायला लागले. ब्रेकिअल प्लेक्सस म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, त्याला सगळेच घाबरतात. सी5 ते टी1 (मानेची पाचवी ते छातीची पहिली नस) अशी पाच मुळं, त्यांचे तीन ट्रंक, त्यांचे सहा भाग, मग तीन कॉर्ड आणि शेवटी पाच मुख्य नसा. पहिल्यांदा काढलं तेव्हा ट्रंकच्या पुढे हात चालेना. चुकलेलं लाल पेनाने दुरुस्त करायचं, दुसऱ्या दिवशी परत कोरा कागद, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. महिन्याभरात ते सहीसारखं हातातून उतरायला लागलं. ती टेस्ट परत दिली आणि पास झाले, तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.

आता तासांचं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहरातले हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. वूलेट आणि मॅग्वायर या दोन मेंदू-संशोधक बायकांनी 2011मध्ये एक अभ्यास छापला, त्यात तयारी करणारे 79 जण होते आणि पास झाले 39. जे पास झाले त्यांच्या मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग, हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग, वाढलेला दिसला. नापास झालेल्यांचा नाही. प्रौढ मेंदू बदलतो म्हणून लोक हा अभ्यास आनंदाने सांगतात, आणि ते खरंच आहे, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त भिडली. पास होणारे आठवड्याला नापास होणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट तास तयारी करत होते.

म्हणून ॲडमिशनच्या आधी घरच्यांशी बोलताना "पाठिंबा आहे ना?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात आणि मनापासून म्हणतात. मी तेच विचारलं आणि पहिले सहा महिने घरातली सगळी कामंही माझ्याकडेच राहिली, कारण पाठिंबा म्हणजे नक्की काय हे कुणी बोललंच नव्हतं. शेवटी कागदावर आठवडा मांडला, कुठल्या दिवशी संध्याकाळी मी दार लावून बसणार, त्या वेळात मुलांचा अभ्यास कोण बघणार, आई-बाबांना डॉक्टरकडे कोण नेणार, एकेक नाव लिहिलं. त्या आधी मी झोप कापून वेळ काढत होते, चार-साडेचार तास झोपायचे, आणि वाचलेलं काही टिकायचं नाही. शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे तिथून वेळ चोरू नका.

पैशांचा हिशेब तुम्हाला मी काय शिकवणार, पण फी पेक्षा बुडणारा पगार मोठा आकडा असतो आणि तो आपण पहिल्या कागदावर लिहीतच नाही, मीही लिहिला नव्हता. फिजिओथेरपीला बहुतेक ठिकाणी प्रॅक्टिससाठी नोंदणी लागते, तेव्हा तुम्ही बघताय त्या कॉलेजच्या डिग्रीवर ती मिळते का, प्रवेशाला वयाची अट आहे का, आणि मधे घरी काही झालं तर एखादी टर्म थांबून परत येता येतं का, हे लेखी विचारून घ्या. आई आजारी पडली तेव्हा मला ही शेवटची सोय लागली, आणि ती आहे हे माहीत नसतं तर मी कोर्स सोडला असता.

नवशिकं होणं जड जातं हेही सांगते. कालपर्यंत आपण सही केल्याशिवाय कागद पुढे जात नव्हता आणि आज दहा वर्षांनी लहान सर व्हायवात सगळ्यांसमोर "हे एवढंही येत नाही?" म्हणतात. घसा दाटून येतो. पण क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटबरोबर काम, सुरू झालं की गोष्टी बदलतात. एक आजोबा फ्रोझन शोल्डरचे, म्हणजे खांदा आखडलेले, व्यायाम करतच नव्हते, माझ्या बॅचची हुशार मुलं त्यांना परत परत तोच व्यायाम समजावत होती. मी शेजारी बसून विचारलं की दिवसभरात कुठल्या वेळी जास्त दुखतं, तर कळलं की रात्री दुखण्याने झोपच लागत नाही आणि व्यायामाने ते वाढेल या भीतीने ते हात हलवत नाहीत. मग दुखणं कमी करण्यापासून सुरुवात केली. असं थांबून विचारणं मला 20व्या वर्षी सुचलं नसतं.

तुम्ही नोकरीचा राजीनामा आत्ता लिहू नका. आधी ओळखीने एखाद्या क्लिनिकमध्ये परवानगी घेऊन चार-पाच दिवस नुसतं बसा. दिवसभर उभं राहणं, वाकणं, पेशंटला आधार देऊन उठवणं, तोच व्यायाम विसाव्यांदा तितक्याच मायेने दाखवणं, हे रोजचं काम आहे आणि तुमच्या पाठीला, गुडघ्यांना ते झेपतंय का ते तिथेच कळेल. आणि अ‍ॅनाटॉमीचं कुठलंही पुस्तक आणून खांद्याचा धडा घ्या, रोज एक तास, दोन आठवडे, नोकरी चालू ठेवूनच. पंधराव्या दिवशी कोऱ्या कागदावर रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचे, चार स्नायू, ते कुठून निघतात, कुठे लागतात आणि काय करतात ते लिहा. किती आलं आणि त्या पंधरा दिवसांत तो एक तास तुम्ही कुठून काढला, हे दोन्ही मला इथेच कळवा, मग कॉलेजचं बोलू.