चिरा आणि आंब्याच्या धंद्याला आता नवा बीएस-६ ट्रक घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गाडी २०१२ची, सहा टायर. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) तोंडावर आलंय. पावसाळा सोडून चिरा (बांधकामाचा जांभा दगड), एप्रिल-मेमध्ये आंबा घेऊन वाशीचा बाजार. शोरूमवाला म्हणतो जीएसटी उतरलाय, आत्ताच उचला. मित्र म्हणतो बीएस-७, म्हणजे गाडीच्या धुराचा पुढचा सरकारी नियम, येतोय, थांबा. आणि गॅरेजवाला म्हणतो बीएस-६च्या नादाला लागू नका, सेन्सरच खाऊन टाकतील.

माझ्या गाड्या चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यात चालतात. जुन्याही आहेत आणि बीएस-६ही आहे. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण गाडी रोज कुठे चालणार हे तिघांपैकी कोणीच विचारलेलं दिसत नाही. माझं मत सरळ आहे: चिऱ्यासाठी नवी गाडी घेऊ नका. लांब पल्ल्याचं पक्कं काम हातात असेल तर घ्या, आणि मग कुठल्याही नव्या नियमासाठी थांबू नका.

कारण सायलेन्सरमध्ये आहे. बीएस-६च्या डिझेल ट्रकला धुरातली काजळी पकडणारा डीपीएफ असतो. ही काजळी साठत जाते आणि मग ती जाळावी लागते. त्यासाठी धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि गाडी बराच वेळ एका लयीत, भाराखाली चालावी लागते. मुंबई-गोवा हायवेवर रात्री निघालेली गाडी हे काम आपलं आपण करून टाकते, ड्रायव्हरला कळतही नाही. आता चिऱ्याची फेरी बघा. खाणीवर भराईला इंजिन चालू ठेवून उभी, मग लाल मातीच्या रस्त्यानं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर, दहा-पंधरा किलोमीटरवर कुणाच्या घराच्या बांधकामाशी रिकामी, परत खाणीवर. जाळायची प्रक्रिया सुरू होते आणि मध्येच चावी बंद होते. असं रोज झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग गाडी उभी करून बटणानं ती काजळी जाळावी लागते, तेवढा वेळ फुकट आणि डिझेलही फुकट. दुर्लक्ष केलंत तर गाडी ताकद कमी करते, आणि शेवटी डीपीएफ काढून साफ करायला न्यावा लागतो. गॅरेजवाला म्हणतो त्यात तथ्य आहे ते इथे. तो फक्त हे सांगत नाही की लांब चालणाऱ्या गाडीला यातलं फारसं काही होत नाही.

घाटाचंही तसंच. आंबा घाट किंवा कुंभार्ली भरलेल्या गाडीनं चढलात तर इंजिन चांगलं तापतं, डीपीएफला ते मानवतं. म्हणजे चिराच, पण कोल्हापूर-कराडकडे वर जाणारा असेल, तर माझं उत्तर बदलेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं काम खाडीच्या अल्याड-पल्याडचं दिसतं.

दुसरी गोष्ट युरियाची, म्हणजे डीईएफ. ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारायला तो लागतो. १०० लिटर डिझेलमागे साधारण ४-५ लिटर धरा. खर्चाचं मला विशेष वाटत नाही, डिझेलपेक्षा तो बराच स्वस्त पडतो. त्रास आहे तो आपल्या लोकांच्या हुशारीचा. कोणी खताच्या दुकानातला युरिया विरघळवून टाकीत घालतो. खताचा युरिया २०१५पासून सगळा निमकोटेड आहे. ते कडुलिंबाचं तेल आणि वरची अशुद्धी कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, गेली की वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट बिल येतं. बादली सावलीत ठेवा, आपल्याकडच्या उन्हात डीईएफ लवकर खराब होतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकीच्या झाकणाशी आणि नळीशी पांढरे खडे धरतात, ते साध्या पाण्यानं धुवून काढायचे.

आणि समुद्रातून येणारं चोरटं डिझेल. कोण विकतं ते किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं, मी लिहीत बसत नाही. पंपावरच्या डिझेलमध्ये गंधक आता दहा लाखांत दहा भाग इतकंच असतं, बीएस-४च्या काळात पन्नास होतं. या बाहेरच्या मालात किती आहे याची कोणी हमी देत नाही. जुन्या गाडीनं ते पचवलं असेल, बीएस-६ पचवणार नाही.

आता तुमच्या मित्राकडे येऊ. नियम बदलतो तेव्हा नेमकं काय होतं ते मागच्या दोन वेळांवरून बघा. १ एप्रिल २०१७ला देशभर बीएस-४ आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवली. मग बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२०ला थेट बीएस-६. तेव्हाही बंदी आली ती नव्या बीएस-४ गाड्यांच्या विक्री-नोंदणीवर. रस्त्यावर आधीपासून चालणारी एकही गाडी त्या दिवशी बंद पडली नाही. तेव्हा आज घेतलेली बीएस-६ गाडी पुढच्या नियमानं लगेच निकामी होईल ही भीती सोडून द्या. उलट नव्या नियमाच्या पहिल्या वर्षातली गाडी मी स्वतः घेत नाही. सेन्सरच्या सवयी मेकॅनिकला कळायला, पार्ट चिपळुणात मिळायला वेळ लागतो. एप्रिल २०२३मध्ये बीएस-६चा दुसरा टप्पा आला, त्यात रस्त्यावर चालताना धूर मोजण्याची अट आणि जास्त कडक ओबीडी, म्हणजे धुराच्या यंत्रणेतला बिघाड पकडणारी गाडीतलीच संगणक यंत्रणा, आली. त्या गाड्या आता बऱ्यापैकी रुळल्या आहेत.

जुन्या गाडीला खरा त्रास होतो तो वेगळ्या वाटेनं. तुमची २०१२ची गाडी म्हणजे बीएस-३. दिल्लीत १ नोव्हेंबर २०२५पासून बाहेरच्या नोंदणीच्या बीएस-३ मालवाहू गाड्यांना प्रवेश बंद झाला, बीएस-४ला ३१ ऑक्टोबर २०२६पर्यंत सवलत दिली. तुम्ही दिल्लीला आंबा नेत नाही, मग काय फरक पडतो? फरक असा की मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं कमी करता येतील का हे बघायला राज्य सरकारनं जानेवारी २०२५मध्ये समिती नेमली. त्यातून काय निघेल यावर मी पैज लावणार नाही. पण ज्याचं मुख्य उत्पन्न वाशीवर आहे त्यानं बीएस-३ गाडीवर पुढची पाच वर्षं बेतू नयेत. त्यात आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी पासिंग, वर पर्यावरण कर. पंधरा वर्षं पुरी झालेल्या जड गाडीची फिटनेस फी २०२१च्या अधिसूचनेनं १२,५०० केली होती, आताचा आकडा आरटीओत विचारून घ्या. तुमची गाडी २०२७मध्ये तिथे पोचते. गाडी आपोआप भंगारात जात नाही, एवढं मात्र खरं. विम्यात जुन्या गाडीला सूट असते असं समजू नका, थर्ड पार्टीचा दर वजनावर असतो, वयावर नाही.

शोरूमवाल्याचं खरं किती? २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला. करापूर्वीची किंमत २० लाख धरली तर २५ लाख ६० हजारांची गाडी २३ लाख ६० हजारांना पडते. तुमची जीएसटी नोंदणी नाही, भरलेला कर तुम्हाला परत मिळणार नव्हताच, तेव्हा हे दोन लाख सरळ तुमच्या खिशातले वाचले. मोठ्या कंपन्यांना या कपातीचं एवढं अप्रूप नाही, त्यांना भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. पण ही कपात काही एका महिन्याची ऑफर नाही. ‘आत्ताच’ हा शब्द त्याचा टार्गेटचा आहे.

मला काळजी वाटते ती हप्त्याची. २२ लाख कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं: महिन्याला साधारण ४७,३०० रुपये. हे गणित घाटावरच्या माणसाला ठीक आहे. आपल्याकडे जूनमध्ये चिरेखाणी पाण्यानं भरतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आंबा संपलेला. गाडी चार महिने दारात, ताडपत्रीखाली. म्हणजे बारा महिन्यांचा हप्ता आठ महिन्यांत कमवायचा, आणि खरा आकडा होतो महिन्याला ७१,००० च्या आसपास. डिझेल, ड्रायव्हर, टायर, विमा सगळं त्याच्या वर. काही फायनान्सवाले पावसाळ्यात कमी आणि हंगामात जास्त असा हप्ता बांधून देतात, ते सही करण्याआधी विचारायचं असतं. चिऱ्याच्या भाड्यात ७१ हजार काढायचे तर माणूस काय करतो? गाडी जास्त भरतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० दंड आणि जादा प्रत्येक टनाला २,००० आहे. एक पकडली की त्या महिन्याच्या हप्त्यातला मोठा भाग गेला.

म्हणून तुमच्यासाठी मी सुचवेन ते असं. चिऱ्याला २०१८-१९ची बीएस-४ गाडी बघा. त्यात काहींना ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) आहे, काहींना युरिया, पण डीपीएफ नाही, गावातला मेकॅनिक हात घालू शकतो, आणि पंधरा वर्षं व्हायला २०३३-३४ उजाडेल. घाटावरची गाडी मिळाली तर उत्तम. किनाऱ्यावर चाललेली असेल तर चेसिस खालून टॉर्च मारून बघा, रंगाखाली गंज लपवलेला असतो, आणि मासळी वाहिलेली गाडी तर मी फुकटही घेणार नाही. बर्फाचं खारं पाणी चेसिसचे आडवे क्रॉस मेंबर खाऊन टाकतं. वापरलेली बीएस-६ कोणी स्वस्तात देत असेल तर आधी कंपनीच्या लॅपटॉपवर डीपीएफची काजळी आणि जुने फॉल्ट वाचून घ्या. आणि युरियाची यंत्रणा ‘बायपास’ केलेली असेल तर उठून चालू लागा. पीयूसीत नापास झालात तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, वर ओबीडीनं ते पकडलं की गाडी घाटात रांगते.

मे महिन्यात तीच बीएस-४ वाशीला चालेल. पण लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याचं वर्षभराचं काम, किंवा पावसाळ्यातही बंद न होणारं किराणा-सिमेंटचं रिटर्न भाडं लेखी मिळत असेल, तर गणित उलटं होतं. मग बीएस-६ दुसऱ्या टप्प्याची नवी घ्या. वॉरंटीत डीपीएफ, इंजेक्टर आणि नॉक्स सेन्सर (नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) येतात का ते कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. २०२५मध्ये मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, तेव्हा त्याआधीचा उरलेला स्टॉक थोडा स्वस्त मिळतोय म्हणून घ्यावासा वाटेल. मी घेणार नाही. मे महिन्यात पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये बसलेला ड्रायव्हर पुढच्या हंगामाला टिकवायचा असेल तर एसी स्वस्तच आहे.

सीएनजीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणी गळ्यात मारेल म्हणून: लहान टेम्पोला, पंप जवळ असेल तर ठीक. भरलेल्या सहा टायरला घाटात ताकद कमी पडते, आणि हंगामात पंपावरच्या रांगेत आंबा पिकत बसतो. इलेक्ट्रिक ट्रकला केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून ९ लाख ६० हजारांपर्यंत सवलत जाहीर झाली आहे, पण तिथे जुनी गाडी भंगारात दिल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि चिरेखाणीवर चार्जर कोण लावणार आहे?

तुमचा चिरा घाट चढतो की खालीच राहतो, आणि पावसाळ्यात गाडीला काही काम आहे का, एवढं दोन ओळींत लिहा. घाट चढत असेल तर कुठल्या मॉडेलला काय गिअर आणि किती एव्हरेज पडतं ते सांगतो.