इंजिन उतरलेली बुलेट धरायची कुठे?

प्रश्न : वडिलांची १९६८ची बुलेट ३५० पूर्ण खोलून नव्यासारखी करायची आहे. बंद झालेल्या एका गॅरेजातून मोटारीचं इंजिन लावायचं स्टँड मिळालं. त्यावर ४५० किलो लिहिलंय, मुंडकं गोल फिरतं. मेस्त्री म्हणतात, चेसिसला पट्ट्या वेल्ड करून चढवू. चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : स्टँड कामाचं आहे, वेल्डिंगचं डोक्यातून काढा. चेसिसला साधा टाकाही मारू देऊ नका. नंतर तो घासताना पाइप पातळ होतो, आणि चकती चुकून चेसिस नंबरावरून फिरली तर आरटीओत उत्तरं देत बसाल.

४५० किलोच्या आकड्यावरही विसंबू नका. तो आकडा मुंडक्याला लगटून बसणाऱ्या इंजिनासाठी. चेसिस लांबवर लोंबणार, म्हणून मोकळी चेसिसच चढवा. चाकं, पुढचं चाक धरणारा चिमटा, इंजिन काही नको.

बुलेटची गंमत अशी की इंजिनाच्या खालून चेसिसचा पाइपच जात नाही. पुढचा पाइप खाली येऊन संपतो, तिथून मागपर्यंतचं अंतर इंजिनच सांधतं. तेव्हा इंजिन उतरवण्याआधी, गाडी मेन स्टँडवर असतानाच, पुढच्या आणि मागच्या खालच्या बोल्टांमधलं माप घ्या. त्या मापाच्या दोन जाड पट्ट्या, मधे इंजिनाच्या रुंदीचे पाइपाचे तुकडे, बोल्ट इंजिनाचेच. इंजिनाच्या जागची ही डमी पेंटरकडेही चेसिससोबतच जाऊ दे.

धरायचं चेसिसच्या पुढच्या, हँडल ज्यात फिरतं त्या पाइपात. त्यातला कोनसेट, म्हणजे हँडल फिरवणारी बेअरिंगं, कपांसकट काढा. लेथवाल्याकडून नायलॉनचे दोन शंकू वळवून घ्या, एक वरून, एक खालून, मधून २० मिमीचा आट्यांचा रॉड. आवळला की पाइप आपोआप मधोमध बसतो आणि कपांची जागा खरवडत नाही. रॉडची टोकं अँगलच्या ब्रॅकेटात, ब्रॅकेट मुंडक्याच्या प्लेटला. हा पाइप तिरका असतो, म्हणून आधी पुठ्ठा कापून कोन जुळवा. चेसिसचं वजन मुंडक्याच्या आसाच्या रेषेत आणा, नाहीतर मुंडकं अडवणारी खिट्टी ओढताच चेसिस गर्रकन फिरून कपाळावर येईल. मागे स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, चेसिसमधल्या भोकातून रॉड घालून खाली घोडी द्या. फिरवण्यापुरती ती बाजूला करायची.

पडवीत जांभ्याची फरशी असेल तर स्टँडची बारकी चाकं सांध्यांत अडकतील. खाली जाड प्लायवूड टाका.

सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं जुना रंग-गंज काढणं, दिवाळीनंतरच. तुमच्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड रातोरात तांबूस होतं, त्यामुळे ब्लास्ट झाला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर हवा. कुडाळ एमआयडीसीत काम होत असेल तर प्रायमर तिथंच मारून घ्या आणि मगच टेम्पोत चढवा. त्या वेळी शंकू जागेवरच असू देत, म्हणजे कपांच्या जागेत वाळू आणि रंग जाणार नाही. पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवायचा पावडरीचा रंग, करणार असाल तर मात्र भट्टीआधी ते काढा. नायलॉन तिथे टिकायचं नाही.