राजा चांगला असेल, तर लोकशाही कशाला?

प्रश्न : शाहू जयंतीला आमच्या तालमीत वाद रंगला. राजा असून महाराजांनी रयतेसाठी एवढं केलं, मग लोकशाहीच श्रेष्ठ कशी? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनेसुद्धा लोकशाहीला बिघडलेल्या राज्यपद्धतींत घातलंय, असं एक जण म्हणाला. खरं का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुमचे मित्र म्हणतात ते खरं, पण अर्धंच. ‘पॉलिटिक्स’ या आपल्या ग्रंथात ॲरिस्टॉटल राज्य करणारी डोकी मोजतोच, पण सगळा भर देतो तो राज्य कुणाच्या भल्यासाठी चाललंय यावर. एकटा सर्वांसाठी राबला तर राजा, स्वतःसाठी राबवू लागला तर जुलमी. गरीब बहुसंख्यांनी फक्त आपलंच पाहिलं, तर त्या बिघाडाला तो लोकशाही म्हणतो. त्यांनीच सर्वांचं पाहिलं, तर ती ‘पॉलिटी’, म्हणजे चांगल्या राज्यांपैकी एक.

या कसोटीला महाराज शंभर टक्के उतरतात. मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखणारा १९०२ चा हुकूम घ्या, नाहीतर १९१७ मधलं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. यात राजाच्या पदरात काय पडलं? उलट खजिन्यातून पैसा गेला. आणि इथे मी महाराजांना ॲरिस्टॉटलच्या वर ठेवतो. त्याच्या ‘सर्वां’त फक्त नागरिक येत, बायका आणि गुलाम बाहेर. काही माणसं जन्मतःच गुलाम असतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाने हे लिहावं, याचा मला आजही राग येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. त्याचं उत्तर मात्र ॲरिस्टॉटलनेच दिलंय. राजा गुणी असेल हो, पण त्याची पोरं सामान्य निघाली तर? गादी पोरांना न देण्याइतकं मन मोठं करणं माणसाला जड जातं, असं तो स्पष्ट म्हणतो. दुसरं म्हणजे, एकेकटे साधे असलेले लोक एकत्र बसले, की एका शहाण्यापेक्षा चांगला निर्णय घेऊ शकतात. एकाच्या खर्चाने घातलेल्या जेवणापेक्षा अनेकांनी मिळून केलेलं जेवण सरस होतं तसं. हा दृष्टान्तही त्याचाच. वर्गणी काढून रस्सा मंडळ करणाऱ्या कोल्हापूरकरांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

मित्रांना या ग्रंथाचा तिसरा भाग वाचायला द्या. जेवणाचा मुद्दा अकराव्या प्रकरणात आहे, राजाच्या पोरांचा पंधराव्यात.