देवाला काहीच कमी नाही, तर माणसांनी त्याला ओळखावं असं त्याला का वाटतं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: ख्रिस्ती लोक म्हणतात देव सर्वशक्तिमान आहे, त्याला कशाची गरज नाही, आणि तेच लोक म्हणतात की आपण त्याला ओळखावं अशी त्याची फार इच्छा आहे, मग हा मोठेपणाचा हव्यास झाला की नाही, आणि एवढी इच्छा आहे तर सरळ समोर का येत नाही. मी मराठी ख्रिस्ती, नेरूळला राहतो, जहाजावर फिटर आहे. धर्मशास्त्र शिकलेलो नाही, पवित्र शास्त्र वाचतो एवढंच. पण हाच प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता म्हणून लिहितोय, थोडं लांब होईल.

आधी घरातली गोष्ट सांगतो कारण मला हे तिथे कळलं, उपासनेत बसून नाही.

डिसेंबर 2019 ला मी साइन ऑन केलं, म्हणजे जहाजावर रुजू झालो, तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती. कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं, पण मधेच कोविड आला, बंदरांवर क्रू चेंज, म्हणजे खलाशांची अदलाबदल, बंद झाली, जगभर लाखो खलाशी जहाजावरच अडकले त्यात मीही, आणि घरी आलो तो थेट फेब्रुवारी 2021 ला. चौदा महिने. तेवढ्यात नेट मिळेल तेव्हा व्हिडिओ कॉल, बायको तिला फोन दाखवून म्हणायची हे बघ पप्पा, ती पण स्क्रीनला पापी द्यायची, मला वाटायचं चला, ओळखते पोरगी. मग मी दारात उभा राहिलो, बॅग खाली ठेवली, हात पुढे केले तर ही आईच्या मागे लपली. बायको म्हणाली अगं पप्पा आले ना, पप्पा कुठेत? तर ती तुरुतुरु आत गेली, टीपॉयवरचा मोबाइल दोन्ही हातांनी उचलून आणला आणि त्या बंद काळ्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, पप्पा.

आता मला सांगा, त्या वेळी मला तिच्याकडून काय हवं होतं? दीड-पावणेदोन वर्षांचं पोर मला काय देणार होतं? तिचं दूध, लस, कपडे सगळं माझ्याच पगारातून चाललं होतं, तिने ओळखलं नाही म्हणून माझं बापपण काही कमी झालं नाही, उद्यापासून दूध बंद असं काही मी म्हणणार नव्हतो. तरी जीव तुटत होता की हिने मला ओळखावं. ह्याला हव्यास कसा म्हणू? ज्याचा तुमच्यावर जीव नाही त्याला तुम्ही ओळखलंत काय आणि नाही काय, काही फरक पडत नाही.

हे उदाहरण एका जागी तोकडं पडतं तेही सांगतो. मी एकटा पडलो होतो, देव एकटा नाही. आम्ही त्रैक्य मानतो, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, आणि योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय 17 मध्ये, येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेआधीपासून तू माझ्यावर प्रेम केलंस. म्हणजे चंद्र-सूर्य नव्हते तेव्हाही तिथे प्रेम होतं, कोणाला तरी ओळखणं आणि कोणीतरी ओळखलेलं असणं होतं. त्यामुळे देवाला करमत नव्हतं म्हणून त्याने माणूस घडवला असं आम्ही मानत नाही. भरलेलं होतं ते उतू आलं, त्यातून आपण झालो.

येशूचा प्रेषित पौल अथेन्सला गेला तेव्हाची गोष्ट ह्याच्यासाठीच मला फार आवडते, प्रेषितांची कृत्ये अध्याय 17. त्या शहरात त्याला एक वेदी दिसली, वर लिहिलेलं 'अज्ञात देवाला'. अरीयपग नावाच्या तिथल्या टेकडीवर उभं राहून तो त्या लोकांना म्हणतो की ज्याला तुम्ही न ओळखता भजता त्याचीच ओळख मी करून देतो, आणि मग तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही बाजू तो एका दमात बोलतो: देवाला कशाची उणीव असल्यासारखी माणसाच्या हातून सेवा नको, आणि त्याने माणसांना अशासाठी वसवलं की त्यांनी चाचपडत का होईना त्याला शोधावं, तो कोणापासूनच लांब नाही. उणीव नाही आणि ओढ आहे. पौलाला ह्यात विरोध दिसला नाही, मला मात्र ते कळायला बाप व्हावं लागलं.

आणि ओळखणं म्हणजे माहिती असणं नव्हे. हिब्रूत त्यासाठी 'यादा' असा शब्द आहे, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आदाम-हव्वेच्या संसाराबद्दल तोच वापरलाय, इतका जवळचा. होशेय संदेष्ट्यामार्फत देव म्हणतो की तुमच्या होमबलींपेक्षा तुम्ही मला ओळखणं मला हवंय, तिथेही ह्याच धातूतला शब्द. ज्याला नुसती वाहवा हवी असते तो होम, नैवेद्य, गर्दी ह्यावर खूश होतो ना? हा म्हणतो ते राहू दे, मला ओळखा.

पंडिता रमाबाईंबद्दल इथे बोलल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण आधीचं मराठी शास्त्र संस्कृत शब्दांनी जड झालंय, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना ते कळत नाही हे बघून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आख्खं पवित्र शास्त्र स्वतः मूळ भाषांतून सोप्या मराठीत आणलं, 1922 ला जाण्याआधी ते काम पुरं केलं. नवऱ्याने टाकलेल्या, दुष्काळातून आलेल्या बायकांना देवाची ओळख त्यांच्या तोंडच्या भाषेत व्हावी म्हणून एवढा खटाटोप! देवाला ओळखायला पंडित असावं लागतं असं त्यांनी मानलं असतं तर हे केलंच नसतं.

आता तुमचा दुसरा भाग, समोर का येत नाही. एकदा आला होता. सीनाय डोंगरावर धूर, गडगडाट, कर्ण्याचा आवाज, सगळं होतं, आणि इस्राएली लोकांनी काय केलं? लांब जाऊन उभे राहिले आणि मोशेला म्हणाले तूच बोल आमच्याशी, देव बोलला तर आम्ही मरू. दणका बघून माणूस घाबरतो, ऐकतोही कदाचित, पण जवळ येत नाही. मी त्या दिवशी पोरीला ओढून कडेवर घेतलं असतं तर मला कोणी अडवलं नसतं, पण ती किंचाळली असती आणि मी तिच्यासाठी आणखी परका झालो असतो.

म्हणून मी फरशीवर बसलो. रोज. ती डबे मांडायची, मी तिच्यापासून हातभर अंतरावर डबे मांडायचो, गप्प, ती बघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक झाकण माझ्याकडे सरकवलं. आम्ही ज्याला देहधारण म्हणतो, शब्द (म्हणजे येशू) देही झाला आणि आमच्यात राहिला, ते वाक्य मी लहानपणापासून नाताळात ऐकत आलोय, पण त्या फरशीवर बसल्या बसल्या ते पहिल्यांदा कळलं. संदेष्ट्यांतून आवाज येत होता, नियमशास्त्र होतं, तो व्हिडिओ कॉल झाला. मग तो स्वतः खाली आला, आपल्या उंचीवर, सुताराच्या घरात. आणि तरीसुद्धा तीन वर्षं बरोबर फिरलेला त्याचा शिष्य फिलिप्प शेवटच्या रात्री म्हणतो, आम्हाला पिता दाखव म्हणजे झालं. येशू त्याला म्हणतो, फिलिप्पा, मी इतके दिवस तुमच्याजवळ आहे तरी तू मला ओळखलं नाहीस? लोक ह्यात राग वाचतात. मला मात्र त्यात हातात मोबाइल घेतलेल्या पोरीसमोर उभा असलेला बाप ऐकू येतो.

सगळं सोपं आहे असं म्हणत नाही. त्याच चौदा महिन्यांत माझी आई गेली, मला मातीला येता आलं नाही, इंजिन रूममध्ये कानाला मफ लावून मी देवाशी भांडलो आणि पलीकडून काही आलं नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तरी मी त्याला सोडलं नाही, कारण पलीकडे कोणी नाही असं मात्र मला त्या रात्रींतही वाटलं नाही.

तुम्हाला वाचून बघायचं असेल तर योहानाचं शुभवर्तमान घ्या, पहिल्याच अध्यायात दोघं जण येशूच्या मागे मागे चालतात आणि विचारतात तुम्ही राहता कुठे, तो म्हणतो या म्हणजे दिसेल, आणि त्या दिवशी ते त्याच्याकडेच राहतात. त्यातला एक अंद्रिया, दुसऱ्याचं नाव दिलेलं नाही, परंपरेने तो योहान स्वतःच. आणि तिथे मधेच लिहिलंय की तेव्हा सुमारे दहावा तास होता, म्हणजे आपले दुपारचे चार. त्या वेळेचा पुढे काही संबंध येत नाही, पण ज्याच्या बाबतीत ते घडलं त्याच्या ती लक्षात राहिली.

मी घरी आल्याच्या अकराव्या दिवशी आमच्या इथल्या टी. एस. चाणक्य ह्या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागे फ्लेमिंगो बघायला निघालो होतो, बायको दाराला कुलूप शोधत होती आणि पोरगी तिचं एक सँडल घेऊन माझ्यापुढे येऊन बसली, पाय पुढे केला, म्हणाली पप्पा, घाल. पावणेसहा वाजले होते.