मुलीची पाणबुडी आणि वडिलांचं पत्र

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची टीम पायांनी चालवायची पाणबुडी बनवते आणि स्पर्धेत उतरते. आत बसून पेडल हिनेच मारायचं आहे. दोन सत्रांत गुण घसरलेत, एक विषय राहिलाय. पाण्याखाली सायकल चालवून नोकरी मिळते का? तिला टीममधून काढा, असं मी तिला न सांगता प्राध्यापकांना लिहिलं आहे. पुढे काय करू?

उत्तर : गुणांचं मी एकदाच वाचलं. 'तिला न सांगता' हे शब्द मात्र पुन्हा पुन्हा वाचले आणि अस्वस्थ झालो. तिसऱ्या वर्षाची मुलगी सज्ञान असते. तिच्या कामाचा निर्णय तुम्ही तिच्या पाठीमागे घ्यायला निघालात. हे तिला कळणारच, आणि कळलं की ती भांडणार नाही, सांगणं बंद करेल. राहिलेला विषय, टीममधले वाद, पाण्यात बिनसलेली एखादी चाचणी, काहीच घरी येणार नाही. तुम्हाला तिच्या जिवाची काळजी आहे. मग असं होणं तुम्हाला परवडेल का?

'सायकल' हा तुमचा गैरसमज दूर करतो. ही पाणबुडी कोरडी नसते. आत पाणी भरलेलं असतं आणि चालक स्कूबाच्या टाकीतून श्वास घेत पेडल मारतो. म्हणजे सांगाड्यासोबत आतलं पाणीही पुढे न्यावं लागतं. शिवाय वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते, आणि माणसाचे पाय देऊन देऊन काहीशे वॅट देणार. त्यामुळे निकाल ठरतो तो सांगाड्याच्या आकारावर, प्रोपेलरच्या पात्यांवर, गिअरवर आणि पाण्यात पाणबुडी समतोल राहते की नाही यावर. २००७ साली माँट्रियलच्या विद्यार्थ्यांची 'ओमेर ५' आठ नॉटच्या किंचित वर गेली, म्हणजे ताशी जेमतेम १५ किलोमीटर. त्या वेगामागे कित्येक वर्षांचं डिझाइन होतं. ती शर्यत झाली अमेरिकी नौदलाच्या कार्डेरॉक इथल्या टाकीत, जिथे जहाजांच्या प्रतिकृती तपासतात. हे शुद्ध इंजिनिअरिंग आहे.

आता स्पष्टच बोलतो. या कामाचा उपयोग तिने स्वतः काय केलं यावर आहे. प्रोपेलरचं गणित तिचं आहे का? फायबरचे थर तिने चढवलेत का? गणितातला वेग आणि चाचणीतला वेग यांत फरक का पडला, हे ती सांगू शकते का? सांगू शकत असेल, तर मुलाखतीत तिच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ आहे. नुसतं पेडल मारत असेल, तर तिने डिझाइनचं काम मागून घ्यावं. राहिलेला विषय मात्र आधी सुटलाच पाहिजे, कारण अनेक कंपन्या पहिली चाळणी गुणांचीच लावतात. उच्च शिक्षणाच्या प्रवेश परीक्षा शेवटच्या वर्षातही देता येतात.

सुरक्षेबद्दल प्रश्न जरूर विचारा, पण तिला विचारा. चालकाची पकड सुटली की बोया, म्हणजे इशारा देणारा तरंगता गोळा, आपोआप वर येतो का? झाकण आतून आणि बाहेरूनही उघडतं का? स्कूबाचं रीतसर प्रशिक्षण झालंय का? पाण्यात मदतीला डायव्हर असतात का? ठोस उत्तरं मिळाली नाहीत, तर ती मिळेपर्यंत पाण्यात उतरू नकोस, असं तिला समोर बसून सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

प्राध्यापकांना आजच कळवा की विनंती मागे घेतो. आणि ते पत्र लिहिलं होतं हे मुलीला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा.