खोडून टाक ते वाक्य

अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. २०१४ नंतर तेलाचा बॅरलमागचा शोधखर्च उतरलाय आणि खाली तू लिहिलंयस, 'तंत्रज्ञानाचा परिणाम'. ते वाक्य खोडून टाक. २०१४ च्या मध्यावर ब्रेंट, म्हणजे जागतिक बाजारात ज्याच्यावरून भाव ठरतो ते कच्चं तेल, बॅरलला शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्याही खाली गेलं. कंपन्यांनी मोहिमा गुंडाळल्या, रिगा, म्हणजे तेलविहिरी खोदणारी भाड्याची यंत्रं, रिकाम्या उभ्या राहिल्या, त्यांचं भाडं कोसळलं. खर्च उतरला तो बराचसा यामुळे. शिवाय पैसा आटला की जो तो खात्रीच्याच जागी खोदतो, मग सरासरी आणखी देखणी दिसते.

तंत्रज्ञानाचं श्रेय मी नाकारत नाही. भूगर्भातल्या थरांच्या द्विमितीय सर्वेक्षणात एकेका रेषेखालचा छेद दिसायचा, दोन रेषांमधलं सगळं अंदाजाने भरायचं. त्रिमितीय आलं आणि आंधळी खोदाई कमी झाली. समुद्रात विहीर कोरडी निघाली की कोट्यवधी रुपये पाण्यात जातात, अगदी शब्दशः.

पण दुसरी बाजू बघ. मोठं क्षेत्र आधी सापडतं, कारण ते चुकवणंच अवघड. 'सागर सम्राट' या रिगला १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र लागलं, तिथे समुद्र जेमतेम ७५ मीटर खोल. रिगचे पाय तळाला टेकायचे. तेवढं मोठं तेलक्षेत्र भारतात पुन्हा सापडलेलं नाही. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रात पाय टेकायचा प्रश्नच नाही, तिथे तरंगती रिग लागते आणि तिचं भाडं ऐकून घाम फुटतो. तंत्र सुधारलं, पण ते वापरायची जागाच अवघड होत गेली.

आता खरी गोम. मुंबई हायमध्ये जुन्याच विहिरींतून आडव्या शाखा काढून उरलंसुरलं तेल काढतात. उत्तम काम आहे, पण हा नवा शोध नव्हे. तरीही अशा तेलामुळे साठ्याचा अंदाज वाढवला की हिशेबात ती वाढ नव्या शोधांच्या बेरजेत मिसळते आणि बॅरलमागचा शोधखर्च आपोआप स्वस्त दिसतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे तळाशी उरलेलं पाणी नव्या आडाच्या नावावर टाकलंय.

तेव्हा सुधारित अंदाज वेगळे काढ, नवे शोध वेगळे. रिगभाड्यातली चढउतार वजा कर. मग आलेख पुन्हा काढ आणि रविवारी घेऊन ये. गुडघा दुखतोय, मी घरीच आहे.